नऊशे ग्रॅमचं खोटं

मी काटा बोलतोय. घड्याळातला नव्हे, आणि पायात रुततो तोही नव्हे. तान्ह्या बाळांना झोळीत घालून ज्याला टांगतात, तो वजनाचा काटा. गोल चेहरा, पांढरी तबकडी, मधोमध काळी सुई. खाली एक आकडा, तबकडीवर पुष्कळ आकडे. पोटात एक स्प्रिंग, आणि माझी सगळी अक्कल त्या स्प्रिंगमध्ये.

स्वतःबद्दल बोलायला मिळालं की जो तो फुशारकी मारतो. मलाही मारता आली असती. पण माझी गोष्ट सांगताना मान खाली जाते. मला मान नाही, तेवढंच एक बरं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं चष्मा लावलेल्या एका कामगार बाईनं पहिल्याच दिवशी माझी परीक्षा घेतली. पाच किलो टांगले, दहा टांगले, वीस टांगले. प्रत्येक वेळी सुई जिथं थांबायला हवी तिथंच थांबली. तिनं पाठीवर शिक्का मारला आणि शेजारणीला म्हणाली, "हा गुणी आहे गं." मला ते इतकं आवडलं की पुढं कित्येक वर्षं मी तेच धरून बसलो.

खोक्यातून मी निघालो तो एका आरोग्य केंद्रात. तिथल्या नर्सबाईंच्या ताब्यात मला दिलं. इस्पितळातली नर्स खाटेशेजारी उभी असते. आमच्या बाईंचा वॉर्ड म्हणजे चार गल्ल्या, सात इमारती आणि मागची पत्र्यांची वस्ती. दुखणाईत माणूस त्यांच्याकडे यायची वाट त्या बघत नसत. दुखण्याच्या आधी त्याच्या दारात जायचं, हे त्यांचं काम.

बाई पंचेचाळिशीच्या. गुडघे कुरकुरायचे, पण जिना चढताना तोंड गप्प बसायचं नाही. पोरांनी त्यांना नाव ठेवलं होतं टोचणीबाई. गल्लीच्या तोंडाशी त्या दिसल्या की पोरं "टोचणीबाई आली रे!" म्हणत पळायची, आणि दंडाला लस टोचून घेतल्यावर त्यांच्याच कडेवर बसून रडायची.

दिवस कसा जायचा, सांगतो. सकाळी बर्फाच्या डब्यात लशी भरायच्या. मग क्षय झालेल्या एका रिक्षावाल्याकडं जाऊन त्यानं गोळी गिळली की नाही हे "आ करा, जीभ वर करा" म्हणत बघायचं, कारण हा गडी गोळी गालात ठेवून पाणी प्यायचा. पुढं एका आजोबांचा रक्तदाब. मग आठ दिवसांची बाळंतीण, तिला बाळ कसं पाजायचं ते शेजारी बसून दाखवायचं. इमारतीची पाण्याची टाकी उघडून आत डोकावायचं. शाळेत जाऊन नखं बघायची. आणि या सगळ्यात, दाराच्या चौकटीला नाहीतर खिडकीच्या गजाला मला अडकवून बाळांची वजनं घ्यायची. प्रत्येक बाळाचं एक कार्ड. त्यावर हिरवा पट्टा, खाली पिवळा, त्याखाली लाल. वजनाचा ठिपका हिरव्यात पडला की बाई हसायच्या.

"माझा काटा खोटं बोलत नाही," असं त्या घरोघरी सांगायच्या. कुणी सासू म्हणाली, "आमचं बाळ चांगलं आहे, तुमचंच काहीतरी चुकतंय," की बाई माझ्या तबकडीवर टिचकी मारायच्या. "आजी, माझ्याशी भांडा. याच्याशी नका भांडू." आणि मी छाती फुगवून लोंबकळत राहायचो.

पण माझ्यावर असा आंधळा विश्वास ठेवायचा नाही, असा नियमच होता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कपाटातलं पाच किलोचं लोखंडी वजन माझ्यावर टांगायचं. सुई बरोबर पाचावर आली, तर वहीत 'तपासला' या रकान्यात खूण करायची. पहिली काही वर्षं बाईंनी ते नेमानं केलं. मग कपाटाची किल्ली कारकुनाकडं गेली. सोमवारी कारकून चहाला गेलेला असायचा, इकडं लशीचा बर्फ वितळत असायचा, बाहेर बायका बाळं घेऊन उभ्या असायच्या. एका सोमवारी बाईंनी वजन न टांगताच खूण केली. म्हणाल्या, "पुढच्या खेपेला दोनदा टांगू." खूण करायला काय लागतं? पेन. पुढच्या खेपेलाही पेनच पुरलं. मग ती सवयच पडली.

अशातच त्या कारकुनाची लेक शिकायला परदेशी निघाली. विमानात पेटीचं वजन धरतात म्हणून तो बाईंकडं आला. "बाई, काटा द्या ना जरा. एका मिनिटाचं काम."

"अहो, बाळांचा काटा आहे तो."

"पेटीही बाळच आहे हो आमचं! बघा कशी गुटगुटीत झालीय."

बाई हसल्या आणि त्यांनी मला पुढं केलं. खरं सांगतो, मीही खूश होतो. रोज चार-पाच किलोंची पिल्लं उचलून कंटाळलो होतो. म्हटलं, एकदा आपला जोर दाखवू. त्यानं मला गजाला अडकवलं आणि पेटी टांगली. सुई पंचवीसच्या पुढं जाऊन अडली. पोटात कट् झालं. "पंचवीसच्या पुढं दाखवतच नाही की हा!" म्हणत त्यानं दोन जोडे काढले आणि पुन्हा टांगली. मग एक जाड पुस्तक काढलं आणि पुन्हा टांगली. असं तीनदा.

पेटी उतरवल्यावर माझी सुई शून्यावर आली नाही, जरा पुढंच राहिली. बाईंनी डोक्यावरचा स्क्रू फिरवून ती शून्यावर आणली. "झालं बरोबर," त्या म्हणाल्या. मीही गप्प बसलो. आत स्प्रिंग सैल झाली होती. थोडं ओझं पडलं तरी ती जास्त ताणली जात होती. आणि दर आठवड्याला अजून सैल होत होती. चार किलोचं बाळ मी आधी सव्वाचार दाखवू लागलो, मग साडेचार, मग पाचाच्या जवळ.

आणि गंमत बघा, आमच्या भागातली बाळं एकाएकी बाळसं धरू लागली. कार्डांवरचे ठिपके पिवळ्यातून हिरव्यात चढले. केंद्राच्या मोठ्या मॅडम बाईंना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यांच्या भागाकडून शिका जरा." टाळ्या वाजल्या, आणि आमच्या भागाचा आलेख कौतुकानं भिंतीवर लागला. मी पिशवीतून ऐकत होतो. मला ठाऊक होतं की वाढलं ते बाळांचं अंग नव्हे, माझं खोटं.

आता मुंगीची गोष्ट.

सातव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी ताई राहायची. तिची ही पहिली मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी, म्हणून आजी तिला मुंगी म्हणायची. बाळ सव्वा महिन्याचं झालं आणि ताईला कारखान्यात मशीनवर परत बसावं लागलं. दिवसभर आजी बाळाला पावडरचं दूध बाटलीनं पाजायची.

पहिल्या महिन्यात मुंगी तीन किलो सहाशे भरली. तेव्हा मी अजून शुद्धीत होतो. पेटी त्यानंतरची. दुसऱ्या महिन्यात मी चार चारशे दाखवले, तिसऱ्यात चार आठशे. चौथ्या महिन्यात ताईनं मुद्दाम अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. बाईंनी मला चौकटीला अडकवलं, मुंगीला झोळीत ठेवलं. सुई पाच दोनशेवर थांबली.

"बघा, चारशे वाढली!" बाई कार्डावर ठिपका देत म्हणाल्या. "हिरव्यात आहे."

 ताईनं बाळ उचललं, खांद्यावर घेतलं, परत खाली घेतलं. मग चाचरत म्हणाली, "बाई, मला हाताला हलकी लागतेय हो. गेल्या महिन्यापेक्षा हलकी."

"दिवसभर मशीन चालवून हात भरून येतात तुमचे. तुम्हाला काय कळणार?"

"हिचं झबलंही सैल होतंय."

"धुऊन धुऊन सैल झालं असेल. ताई, माझा काटा खोटं बोलत नाही."

ताईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. आपलंच चुकत असेल, असं होतं त्या डोळ्यांत. मला आजही दुसरं काही आठवलं नाही तरी ते डोळे आठवतात. बाईंनी मला पिशवीत टाकलं आणि आम्ही जिना उतरलो. आजी दूध कसं करते, पावडर किती घालते, हे विचारायचं राहूनच गेलं. हिरव्यात असलेल्या बाळाच्या घरी कोण विचारतं?

त्यानंतर दहाव्या दिवशी सकाळी आजीचा निरोप आला, मुंगीला जुलाब लागलेत, इस्पितळात नेलंय. बाई तशाच निघाल्या, पिशवीसकट. पोचलो तेव्हा डॉक्टर बाळाला तपासत होते. ताई भिंतीला टेकून उभी होती. इस्पितळाच्या काट्यावर मुंगी भरली चार किलो तीनशे. डॉक्टरांनी कार्ड उघडलं.

"दहा दिवसांपूर्वी पाच दोनशे? हे वजन तुम्ही घेतलंत?"

"हो," बाई म्हणाल्या.

"म्हणजे नऊशे ग्रॅम गेले. अंगातलं पाणी फार गेलंय." डॉक्टर वॉर्डातल्या सिस्टरकडं वळले. "सलाईन लावा. वेगानं जाऊ द्या."

 बाईंना सगळं समजलं होतं. मुंगीचा उघडा दंड समोर होता, काडीसारखा. मांडीवरची कातडी सुरकुतलेली. दहा दिवसांत बाळ असं होत नाही. हे बाळ दोन महिने वाळत आलं होतं. आणि अशा वाळलेल्या बाळाला सलाईन भराभर दिलं तर त्याच्या काळजाला ते पेलत नाही, हे नर्सला शिकवावं लागत नाही.

तरी बाई बोलल्या नाहीत. तोंड उघडायचं म्हणजे कित्येक महिन्यांच्या खोट्या खुणा, ती कौतुकं, त्या टाळ्या, सगळं त्या आईसमोर ओकायचं. "मी येते जरा," असं काहीतरी पुटपुटून त्या वॉर्डाबाहेर पडल्या. जिना उतरू लागल्या. मी पायऱ्या मोजत होतो. एक, दोन, तीन... अकराव्या पायरीवर त्या थांबल्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी कधी धावल्या नव्हत्या तशा वर धावल्या.

सिस्टर सुई टोचून सलाईनच्या नळीवरचं चाक फिरवत होती. बाईंनी तिचा हातच धरला.

"डॉक्टर, थांबा. ते वजन खोटं आहे."

"म्हणजे?"

"माझा काटा बिघडलाय. मी तो तपासला नाही. कित्येक महिने नुसत्या खुणा केल्या. हिचं वजन कधी पाच दोनशे नव्हतंच. ही आधीपासूनच उपाशी आहे."

 डॉक्टरांनी परत वाकून मुंगीच्या पोटाची कातडी चिमटीत धरली, दंडाला पट्टी लावून माप घेतलं. मग सिस्टरला म्हणाले, "सलाईन थांबवा. घोटाघोटानं तोंडावाटे क्षारांचं पाणी द्या, अंग गरम ठेवा. मी बसतो इथं." आणि बाईंकडं न बघता म्हणाले, "आल्या आल्या का नाही बोललात?"

 बाई ताईकडं वळल्या. ताई भिंतीपासून हललीच नव्हती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली,

"मी सांगत होते ना, बाई?"

"हो. सांगत होतात."

बस, एवढंच. पिशवीत मला जागा होती तरी कुठं तोंड लपवू असं झालं.

दुपारी केंद्रात येऊन बाईंनी कारकुनाकडून किल्ली मागून घेतली. पाच किलोचं वजन स्वतः उचलून आणलं आणि माझ्यावर टांगलं. सुई पाच ओलांडून सहाच्याही पुढं गेली. कारकून शेजारीच उभा होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "बाई... ती पेटी..."

"पेटी तुमची होती," बाई म्हणाल्या, "पण खूण माझी आहे." पुढंही त्यांनी कधी त्याचं नाव घेतलं नाही.

मोठ्या मॅडमना त्यांनी सगळं सांगितलं. मॅडमनी आधी दार लावून घेतलं. म्हणाल्या, "अहो, वरून माणसं येणार आहेत आपला आलेख बघायला. नवा काटा घ्या, पुढच्या महिन्यापासून बरोबर लिहा. झाकली मूठ राहू द्या."

"मूठ झाकून बाळं कशी भरतील, मॅडम? अठ्ठावन्न कार्डं आहेत. त्यांतलं कोण खरं हिरव्यात आहे, मला ठाऊक नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी ऐकायला जाणारच आहे."

आणि त्या गेल्या. एका हातात नवा काटा, पिशवीत मी. अठ्ठावन्न दारं. प्रत्येक दारात तेच वाक्य: "मागच्या तीन महिन्यांची वजनं चुकलीत. चूक माझी आहे. परत घेऊ का?" आधी मला टांगून दाखवायच्या, मग नव्याला. माझ्यावर सहा भरलेलं पोर त्याच्यावर पाच भरायचं, आणि आईचा चेहरा उतरायचा. प्रत्येक दारात मी उघडा पडत होतो.

कुणी हसलं. एका बापानं तोंडावर दार आपटलं. एक बाई म्हणाली, "म्हणजे लशीही खऱ्या होत्या की नाही, कोण जाणे!" तो घाव सगळ्यांत खोल होता. कारण लशी खऱ्या होत्या, गोळ्या खऱ्या होत्या, अठरा वर्षांची पायपीट खरी होती. पण एका खोट्या खुणेनं सगळ्यावर शाई सांडली. बाई त्या बाईला म्हणाल्या, "विचारलंत ते बरोबर केलंत," आणि लशीची वही काढून तारखा दाखवत तिथंच पायरीवर बसल्या.

वस्तीत तीन बाळं लाल पट्ट्यात सापडली. त्याच दिवशी बाईंनी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. वेळेत सापडली, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी ते शब्द ऐकले, पण चेहरा जराही सैल झाला नाही.

मुंगी वाचली. सोळा दिवसांनी घरी आली. बाई गेल्या तेव्हा ताई कामावरून रजेवर होती. तिनं "या" म्हटलं नाही, दार मात्र उघडं ठेवलं. बाई आत जाऊन जमिनीवर बसल्या. "आजी, दूध कसं करता ते दाखवा मला."

आजीनं बाटलीभर पाणी घेतलं आणि त्यात पावडरचा एकच चमचा टाकला. "घट्ट दूध पोटाला जड जातं ना, म्हणून पातळच करते."

बाईंनी डब्यातला मापाचा चमचा काढला, पावडर काठोकाठ भरून सपाट केली आणि एकेक करत मोजून घातली. आजी बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे मीच गं... मीच पोरीला पाणी पाजत होते?"

"आजी, मी दर महिन्याला या घरात येत होते. एकदाही बाटली हातात घेतली नाही. तुम्हाला हे सांगणं माझं काम होतं."

दोघी खाली मान घालून बसल्या. ताईनंच शेवटी बाळ पुढं केलं. "वजन घ्या. पण सुई मी वाचणार."

"तुम्हीच वाचा," बाई म्हणाल्या.

बाईंना लेखी समज मिळाली. ते भिंतीवरचं कौतुक उतरलं. त्यांनी बदली मागितली नाही. त्याच गल्ल्या, त्याच पायऱ्या. पोरं अजूनही टोचणीबाई म्हणतात, पण आता ते ऐकलं की त्या क्षणभर थांबतात.

मला भंगारात टाकायचं ठरलं होतं. बाईंनी मागून घेतलं. केंद्राच्या लसीकरणाच्या खोलीत, जिथं आया रांगेत उभ्या राहतात, तिथं भिंतीवर मला टांगलंय. खाली त्यांच्या हातची चिठ्ठी: "या काट्यावर तीन महिने चुकीची वजनं घेतली गेली. तपासायचं काम माझं होतं. तुमच्या बाळाचा काटा तपासलाय का, हे मला विचारत जा." खाली सही.

परवा ताई आली होती. मुंगी आता दीड वर्षाची आहे, एका जागी ठरत नाही. तिनं माझी झोळी ओढून बघितली. ताईनं चिठ्ठी सावकाश वाचली. बाई तिथंच लशीची कुपी हलवत होत्या.  मग ताई म्हणाली,

"विसरता येतं का हो, बाई?"

"नाही."

"मलाही नाही." तिनं मुंगीला कडेवर घेतलं आणि बाही वर केली. "चला, टोचा. मागं रांग वाढलीय."

बाईंनी लस टोचली. मुंगीनं टाहो फोडला. ताईनं बाळाला उगी केलं, आणि जाताना पुढच्या महिन्याची तारीख विचारून गेली.

मी भिंतीवरच असतो. झोळी उसवत आलीय, तबकडी पिवळी पडलीय. दया दाखवायला येऊ नका. ती मी कमावलेली नाही. फक्त एवढं करा. एखाद्या आईनं सांगितलं की काहीतरी बिनसलंय, तर माझ्याकडं बोट दाखवून तिला गप्प करू नका. आधी तिचं ऐका. मी तेव्हा तिच्यापेक्षा मोठ्यानं बोललो, आणि त्याची लाज मला अजून उतरवता आलेली नाही.